पैनगंगेकांठचा बालपाठ

नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी मुदखेडला फांटा घेते आणि भोकर ओलांडलें कीं काळ्या सपाट रानाला हळूहळू टेकड्यांची कड लागूं लागते. माघ महिन्याच्या अखेरीस या वाटेनें जाणाऱ्यास दोन्ही बाजूंना कापूस वेंचून झालेल्या शेतांत उभ्या पऱ्हाट्या दिसतात, आणि माळावर कोठें कोठें पानें झडलेला पळस फुलांनीं पेटलेला दिसतो. पऱ्हाटी आणि पळस ही जोडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हिमायतनगर हें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव याच वाटेवर आहे. नांव निजामी अमदानीची आठवण करून देणारें. हैदराबाद शहरांतही याच नांवाची वस्ती आहे. म्हणून पत्रावर जिल्हा लिहावयास विसरलें तर पत्र भलत्याच दारीं जाण्याचा संभव. गांवचें जुनें नांव वाढोणा, आणि जुनीं माणसें अजून तेंच नांव घेतात. मराठवाड्याबाहेरील वाचकांस हें गांव फारसें ठाऊक नसेल. परंतु आसपासच्या खेड्यापाड्यांतून वाढोण्याचा परमेश्वर सर्वांच्या ओळखीचा आहे. परमेश्वराच्या देवळाची यात्रा महाशिवरात्रीस भरते. त्या निमित्तानें एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. घर जुन्या वळणाचें, चौसोपी, आणि माणसांनीं भरलेलें. आजी, तिचे दोन मुलगे, दोघी सुना आणि चार नातवंडें असा परिवार.

यात्रा म्हणजे मुलांचें राज्य. दर्शन झालें कीं मोठ्यांचें काम संपतें आणि मुलांचें सुरू होतें. घरांतील पांच वर्षांचा धाकटा नातू काकांचें बोट धरून निघाला; त्याच्या मागोमाग आम्हीही निघालों. आरंभीं आमच्या मनांत विशेष कांहीं नव्हतें. परंतु लौकरच आम्ही मोजूं लागलों. तासाभरांत त्या एवढ्याशा हातांत प्लॅस्टिकच्या सात वस्तु आल्या : फुग्याची काडी, पाण्याची बाटली, कुरकुरीत खाऊचें पाकीट, बर्फाच्या गोळ्याचा पेला, तो खाण्याचा चमचा, एक शिट्टी आणि रेवड्यांची पातळ कॅरीबॅग. घरीं पोंचेपर्यंत त्यांतली एकटी शिट्टी शिल्लक राहिली. बाकीच्या सहा वस्तूंचें आयुष्य अर्ध्या घटकेहून अधिक नव्हतें.

खाऊ संपतांच मुलानें रिकामें पाकीट वर करून विचारलें, "काका, हें कुठं टाकूं?"

काकांनीं गर्दींत मान न वळवितांच उत्तर दिलें, "टाक तिकडं."

मुलानें आज्ञा पाळली. यांत वाढोण्याच्या यात्रेचा विशेष दोष नाहीं. पंढरपूर, जेजुरी, माहूर, कोणत्याही यात्रेंत दर मिनिटाला हाच संवाद होत असतो. आम्हांस विशेष वाटलें तें इतकेंच कीं मुलानें आधीं विचारलें होतें. लहान मूल जन्मतः कांहीं फेकून देणारें नसतें. दगड, बी, तुटकी बांगडी, जें हातीं येईल तें तें खिशांत भरतें. 'टाक तिकडं' हा पाठ त्याला कोणीतरी द्यावा लागतो, आणि तो आपणच देतों.

हें 'तिकडे' म्हणजे नेमकें कोठें, तें दुसऱ्या दिवशीं दृष्टीस पडलें. इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड नांवाचा धबधबा आहे. नदीच्या एका अंगास नांदेड जिल्हा व दुसऱ्या अंगास यवतमाळ, म्हणजे एका तीरावर मराठवाडा तर दुसऱ्या तीरावर विदर्भ. पावसाळ्यांत येथें नदी खडकांवरून अशी कोसळते कीं जवळच्या माणसाचा शब्द ऐकूं येत नाहीं. आम्ही गेलों तेव्हां पाणी ओसरलें होतें. काळा खडक उघडा पडला होता, आणि त्यांत पाण्यानें युगानुयुगें घासून केलेलीं कुंडें स्पष्ट दिसत होतीं. मुलें कुंडांतून वांकून पाहूं लागलीं. एका कुंडाच्या तळाशीं गोटे होते, आणि गोट्यांत अडकलेली पाकिटांची चमकदार चिंधी होती. धाकट्यानें ती ओळखली. "हें माझंच आहे," तो म्हणाला. त्याचें तें नव्हतें हें उघड आहे. परंतु त्याच्या बोलण्यांत तथ्य होतें.

हिमायतनगरच्या बाजूचे ओढे पैनगंगेस मिळतात. पैनगंगा पुढें चंद्रपूरकडे वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते. आणि प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरींत शिरते. गोदावरी नांदेड शहरावरून वाहते, हिमायतनगरच्या मानानें ती किती जवळ! तरी येथलें पाणी तिला भेटतें तें एवढा वळसा घेऊन, आणि तेथून मग बंगालच्या उपसागरास जातें. आम्हीं हा मार्ग मुलांना खडकावर कोळशानें काढून दाखविला. भूगोलाच्या पुस्तकांत मुलें नद्या पाठ करतात. त्याच नद्यांवरून आपलें पाकीट प्रवास करतें हें कळलें कीं नद्यांचीं नांवें विसरत नाहींत.

वस्तु म्हणून पाहिलें तर प्लॅस्टिक फार तरुण आहे. १९०७ सालीं बेकलंड या शास्त्रज्ञानें बेकेलाइट तयार केलें. १९३३ सालीं इंग्लंडांतील एका प्रयोगशाळेंत, वायूवर प्रचंड दाब देण्याचे प्रयोग चालूं असतां, अवचित पॉलिथीन हातीं लागलें. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांस आवरण म्हणून त्याचा मोठा उपयोग झाला. आपल्या ओळखीची पिशवी १९६५ च्या सुमारास स्वीडनांत निघाली. आपल्या बाजारांत तिचा सुळसुळाट झाला तो त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीं. म्हणजे हा सारा कारभार एका आजीच्या आयुष्यांत मावणारा आहे.

कायदा स्वस्थ बसलेला नाहीं. २००५ च्या जुलैंत मुंबई पाण्याखालीं गेली तेव्हां तुंबलेल्या गटारांनीं सर्वांचे डोळे उघडले. २३ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्र शासनानें पिशव्या, थर्माकोलचीं ताटें-वाट्या इत्यादींवर बंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षीं २३ जूनपासून तिचा अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्यास पांच हजार रुपये दंड. १ जुलै २०२२ पासून सबंध देशांत एकदांच वापरावयाच्या कित्येक वस्तु बंद झाल्या. त्यांत चमचे आणि पेलेच काय, पण फुग्याची काडीसुद्धां आहे. मुलाच्या हातांतील सात वस्तूंचा हिशेब पुन्हां करून पाहावा. काडी, पेला, चमचा आणि पातळ पिशवी या चार वस्तु कायद्यानें अगोदरच बाद झालेल्या आहेत. तरी त्या आल्या, कारण देणारा हात आणि घेणारा हात दोन्ही तयार होते. देणाऱ्या हातावर सरकारची नजर पोंचूं शकते; घेणाऱ्या हाताचें शिक्षण घरांतच व्हावें लागतें.

त्या रात्रीं ओसरीवर हाच विषय निघाला. आजींचें वय पंचाहत्तरीच्या घरांत. आम्हीं विचारलें, तुमच्या तरुणपणीं बाजार कसा होत असे? त्यांनीं बोटें मोडून सांगितलें, "तेलाला बुधली, दुधाला चरवी, दळणाला पितळी डबा, भाजीला टोपली. गूळ पळसाच्या पानांत. किराणा कागदाच्या पुड्यांत, आणि पुडीचा दोरासुद्धां गुंडाळून कोनाड्यांत ठेवायचा. पिशवी विसरली तर पदर होताच कीं!" आम्हीं त्या काळच्या शहाणपणाची थोडी स्तुति केली. ती त्यांना रुचली नाहीं.

"अहो, आम्ही फार शहाणे होतों असं नाहीं," त्या म्हणाल्या. "आम्हीही परसांत फेकायचोंच. पण आम्ही फेकलेलं गुरं खायचीं, नाहीं तर माती खायची. आतां माती खात नाहीं, आणि गुरं खातात तीं मरतात."

धाकट्या सूनबाई शाळेंत शिक्षिका आहेत. त्यांनीं मधेंच सांगितलें, "आत्याबाई, तेव्हां घरांत माणसं होतीं, वेळ होता. मी शाळा सुटल्यावर येतां येतां भाजी घेतें. टोपली कुठं मिरवूं?"

दोघींचें म्हणणें खरें आहे. आजींच्या बोलण्यांत तर या प्रश्नाची सारी मेख आली आहे. आपली फेकण्याची संवय जुनी आणि निरुपद्रवी होती. वस्तु बदलली, संवय बदलली नाहीं. गाडगेबाबा हातीं खराटा घेऊन गांव झाडीत तेव्हां त्या कचऱ्यांत पालापाचोळा, शेण, उष्ट्या पत्रावळी असत. तो उकिरड्यांत गेला कीं वर्षभरांत त्याचें खत होई. आज तोच खराटा आपण मुलांच्या हातीं देतों, स्वच्छतेची फेरी काढतों, छायाचित्र घेतों. परंतु प्लॅस्टिक झाडल्यानें संपत नाहीं, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातें. शिवाय चार-पांच वर्षांच्या मुलाला गटारापाशीं उभें करणें आरोग्याच्या दृष्टीनें योग्य नव्हे. तेंच 'टाकाऊतून टिकाऊ' या हस्तकलेचें. शाळेंत फुलदाणी करावयाची म्हणून दुकानांतून पाण्याची बाटली विकत आणून ती रिकामी करणाऱ्या माता आम्हीं पाहिल्या आहेत! वेंचणें व सजविणें यांच्या आधीं न घेणें शिकवावयास हवें, आणि हा पाठ शाळेच्या आधीं घराचा आहे.

तो द्यावा कसा? या बाबतींत महाराष्ट्राला बाहेरून कांहीं आणावयास नको. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर त्या दोघींनीं आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालविल्या. मॉंटेसरी बाईंचीं महागडीं साधनें खेड्यांत परवडेनात, तेव्हां त्यांनीं बिया, खडे, शिंपले, पानें हींच शिक्षणाचीं साधनें केलीं. मूल कानांपेक्षां हातांनीं अधिक शिकतें हा त्यांच्या कामाचा पाया. १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेंत 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला, तोही याच परंपरेंतला. लहान मुलास प्लॅस्टिकविषयीं शिकविणें म्हणजे भाषण करणें नव्हे, त्याच्या हातांस काम देणें होय. त्या चार दिवसांत त्या घरीं जें ठरलें, आणि पुढें पत्रोपत्रीं जें कळलें, त्यांतील निवडक येथें देतों.

पहिलें काम मोजण्याचें. सात दिवस घरांत आलेलें प्रत्येक पाकीट आणि पिशवी धुऊन, वाळवून एका दोरींत ओवावयाची. रागें भरावयाचें नाहीं, कोणाचें नांव घ्यावयाचें नाहीं. मुलांनीं फक्त ओवावयाचें आणि रविवारीं मोठ्यानें मोजावयाचें. ओसरीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत माळ गेली कीं निराळा उपदेश लागत नाहीं. मोठी माणसेंच आपली पुडी कोणती तें ओळखूं लागतात.

दुसरें काम पुरण्याचें. आषाढाच्या आरंभीं एका जुन्या कुंडींत केळीची साल, पळसाचें पान, सुती लुगड्याची चिंधी आणि खाऊचें पाकीट असे चार जिन्नस पुरावे, आणि दिवाळींत मुलांच्या हातून उकरावे. साल सांपडत नाहीं. पानाच्या शिरा राहिल्या तर राहतात. चिंधी ओढतांच तुटते. पाकीट मात्र धुतलें कीं पुन्हां चमकतें. आजींचें 'माती खात नाहीं' हें वाक्य मुलांस असें डोळ्यांनीं दिसतें.

तिसरें काम पिशवीचें, आणि यांत सूनबाईंच्या अडचणीचें उत्तर आहे. आजींनीं जुन्या सुती लुगड्याची, घडी केली कीं मुठींत मावेल अशी पिशवी शिवली. नातवानें दोन वांकडे टांके घातले. ती टांगण्याचा खिळा मुलाच्या हाताच्या उंचीवर ठोकला. रोज सकाळीं आईच्या पर्समध्यें ती घडी ठेवणें आणि संध्याकाळीं ती परत खिळ्यास लावणें हें धाकट्याचें काम ठरलें. टोपली मिरवावी लागली नाहीं. पिशवी विसरण्याचा प्रश्न राहिला नाहीं, कारण लहान मूल आपल्याकडे सोंपविलेलें काम मोठ्यांहून अधिक निष्ठेनें करतें. ज्या तालुक्याच्या शेताशेतांतून कापूस पिकतो, तेथें सूत सोडून दुसरी पिशवी धुंडाळण्याचें कारणच काय?

चौथें काम 'नको' म्हणण्याचें, आणि हें सर्वांत कठीण. मुलांना नव्हे, मोठ्यांना. मुलानें दुकानांत "काका, कॅरीबॅग नको" असें म्हटलें कीं घरांतील कोणी तरी हंसतें, कोणी "असूं दे रे" म्हणतें, कोणाला चार लोकांत कमीपणा वाटतो. अशा वेळीं मुलाचा शब्द खालीं पडूं देऊं नये. एकदां पडला तर तें दुसऱ्यांदा बोलत नाहीं, आणि वडील माणसांच्या बोलण्यांत व वागण्यांत अंतर असतें एवढेंच तें शिकतें.

मात्र एक काळजी घ्यावी. मुलांच्या मनांत प्लॅस्टिकचा भयगंड बसवूं नये. सलाईनची नळी, औषध टोंचण्याची पिचकारी, मराठवाड्याच्या कोरड्या शेतांत थेंब थेंब पाणी देणारी ठिबकची नळी हींही प्लॅस्टिकचींच आहेत, आणि तीं आपणांस जगवितात. ज्याच्या घरीं दूध पिशवींतून येतें त्याला हिणविण्यास तर मुलांना कधींच शिकवूं नये. मुलाच्या हातीं एकच माप द्यावें : वस्तु आपल्या कामीं किती वेळ आली, आणि नंतर ती किती काळ उरणार? शिट्टी वर्षभर वाजली तर वाजो. चमचा पांच मिनिटांचा होता. हें माप पांच वर्षांच्या मुलालाही कळतें. त्याचें गांभीर्य मोठ्यांनीं जाणावें. कारण २०२२ सालीं नेदरलंडमधील संशोधकांस मानवी रक्तांतही प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले आहेत.

आमच्या भगिनींसही एक विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवास वाण म्हणून आपण काय लुटतों? चाळणी, डबी, साबणाची पेटी, बहुतेक प्लॅस्टिकची, बहुतेक दुसऱ्या वर्षीं माळ्यावर. घरांतील लहान मुली हें सारें ताट हातांत धरून पाहत असतात. एखाद्या वर्षीं घरींच शिवलेली पिशवी वाणास लुटून पाहावी. तसेंच मुंजी-बारशाच्या पंगतींत पळसाच्या पत्रावळी व द्रोण मांडावे. चैत्र-वैशाखांत माळावरच्या त्याच पळसाला नवीं पानें येतात, आणि तीं टांचणारे हात किनवटच्या बाजूस अजून आहेत. त्या हातांना काम मिळेल.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील वाचकांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. पॉलिथीनच्या पिशव्या बाजारांत भरूं लागल्या त्या वेळीं ज्यांनीं स्वतः संसार चालविला होता, तीं माणसें आज साठीच्या पुढें आहेत. पिशवीवांचून बाजार कसा करावा, तेल कशांत आणावें, प्रवासांत पाणी कसें न्यावें, पन्नास माणसांची पंगत कशी उठवावी, हें त्यांना अनुभवानें माहीत आहे. मधल्या पिढीला तें माहीत नाहीं. नातवंडांना माहीत असण्याचा प्रश्नच नाहीं. हें ज्ञान पुस्तकांत पुरतें उतरलेलें नाहीं. तें आजींच्या हातांत आहे, आणि आजी आपल्यापाशीं किती वर्षें आहेत हें कोणी सांगावें? ज्या घरांत आजी व नातू एका छपराखालीं आहेत, त्या घरांना ही सोय फार तर आणखी वीस वर्षें लाभेल. तोंवर एक पिशवी शिवून होईल, दहा प्रश्न विचारून होतील, एक कुंडी उकरून होईल. येत्या सुट्टींत तेवढें अवश्य करावें, आणि मुलानें "हें कुठं टाकूं?" असें विचारलें तर मान वळवून त्याच्याकडे पाहून उत्तर द्यावें.